प्रिंटर, आधी केबल काढ

नवरा जाऊन तीन महिने झाले आणि त्याच्या कॉम्प्युटरने मान टाकली. धाकटा दीर बघायला आला. म्हणाला, "वहिनी, फॉरमॅट मारावा लागेल. फोटो, कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेतली. हे इन्स्टॉलरचं फोल्डर उडवतो. नेटवर हवं तेव्हा मिळतं ते."

"भावोजी, त्याला हात लावायचा नाही."

नवऱ्याला एक खोड होती. कुठलंही सॉफ्टवेअर उतरवलं की तो त्या फाइलचं नाव बदलून ठेवायचा. माझ्यासाठी, कारण मी घाईघाईत नको तिथे क्लिक करते. 'स्कॅनर, पहिल्या प्रश्नाला नाही म्हण.' 'प्रिंटर, आधी केबल काढ.' अशा एकेचाळीस फाइली. मी एकही कधी उघडली नव्हती. हाक मारली की तो यायचा, मग कशाला उघडू?

भावोजींनी सगळ्या कॉपी केल्या. मी रडेन या धास्तीने ते अधूनमधून माझ्याकडे बघत होते. मला नुसती कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

फॉरमॅट झाला. पण प्रिंटरची फाइल चालेना, फार जुनी झाली होती म्हणे. भावोजींनी नेटवरून नवी उतरवली, प्रिंटर जोडला, एक पान छापून दाखवलं आणि घरी गेले.

मी त्या नव्या फाइलचं लांबलचक इंग्रजी नाव खोडलं. तिथे टाइप केलं, 'प्रिंटर, आधी केबल काढ.'

मग टेबलाखाली वाकले आणि केबल काढली.