तळघराचे नवे ठोके

इमारतीत सगळे त्याला कंडक्टर म्हणत. बसची नोकरी सुटून कैक वर्षं झाली, गुडघे कामातून गेले, पण माणसं आत घेऊन दार लावायची खोड काही गेली नाही. त्यामुळे लढाई पेटली, भोंगे वाजायला लागले, तेव्हा तळघराचं दार आपसूक त्याच्याकडेच आलं. भोंगा झाला की सगळे खाली उतरत आणि कंडक्टर दाराशी स्टुलावर बसे. "पुढे सरका, मध्ये जागा आहे," असं तो म्हणायचा आणि भेदरलेली माणसंसुद्धा हसायची. मागून येणाऱ्यानं ठरलेले ठोके द्यायचे, दोन सलग आणि मग थांबून एक. ठोके बरोबर आले तरच कडी काढायची, असा नियम होता.

घरात तो आणि सून अशी दोघंच. मुलगा आघाडीवर होता. आणि सुनेचं माहेर सीमेपलीकडचं, म्हणजे ज्यांची विमानं रोज डोक्यावर येत होती त्यांच्यातलं. ती लग्न होऊन आली तेव्हा याच इमारतीनं तिला डोक्यावर घेतलं होतं, बरं का. दवाखान्यात नर्स होती, हाताला गुण होता. कुणाचं इंजेक्शन असो, कुणाच्या पोराचा ताप असो, रात्री-अपरात्री हिचीच बेल वाजायची. पण बाजारात बॉम्ब पडला, रोजची ओळखीची माणसं गेली आणि लोकांच्या नजरा फिरल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते समजू शकतं. इथे तर ताकाचं भांडंच घराबाहेर काढायला निघाले होते.

सून कामावर गेलेली असताना सेक्रेटरीनं बैठक बोलावली. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. त्या बाजारात त्याचा सख्खा भाऊ गेला होता, तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

"ठोके बदलू या," तो खाली बघत म्हणाला. "आणि नवे ठोके आपल्या आपल्यातच राहू देत."

आपल्यात म्हणजे कोणाकोणात, हे कुणी विचारलं नाही. सगळे कंडक्टरकडे बघत राहिले. आणि कंडक्टरनं तोंडात मिठाची गुळणी धरली. मनात म्हणाला, चार दिवसांचा प्रश्न, कशाला वाकड्यात शिरा? सून मला धरूनच तर खाली उतरते, तिला ठोक्यांचं काय काम? आणि हे तिला सांगायचं तरी कुठल्या तोंडानं, उगाच जिवाला लावून घेईल. भेकडपणाला माणूस काय काय गोंडस नावं देतो! माया हे त्यातलं सगळ्यात सोयीचं.

पुढचा भोंगा नेमका दुपारी झाला, सून दवाखान्यात असताना. शेजाऱ्यानं कंडक्टरला हाताला धरून खाली आणलं, कंडक्टरनं कडी लावली. थोड्या वेळानं दारावर ठोके पडले. दोन सलग, मग थांबून एक.

"जुने आहेत," सेक्रेटरी कुजबुजला.

"बाबा!" बाहेरून हाक आली. "बाबा, आत आहात का?"

कंडक्टरचा हात कडीवर गेला. तेवढ्यात विमानाचा आवाज जवळ आला आणि बाहेर तिचा धीर सुटला. ती दारावर थापा मारत आईला हाका मारायला लागली, तिच्या माहेरच्या भाषेत. जीव घाबरला की माणसाला आईचीच भाषा आठवते, त्याला ती तरी काय करणार? पण आतल्यांनी ती भाषा अलीकडे फक्त बातम्यांत ऐकली होती, धमक्यांमध्ये. एक मूल रडायला लागलं.

"उघडू नका," सेक्रेटरी म्हणाला. "तिच्यासोबत बाहेर आणखी कोण आहे, कुणाला ठाऊक."

आणि कंडक्टरचा हात थांबला. लोकांच्या भीतीनं थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण क्षणभर त्याच्याही मनात आलं, खरंच, कोण असेल तिच्यासोबत? जी पोर रोज त्याच्या गुडघ्यांना तेल चोळून देते, तिच्याबद्दल आलं हे मनात.

मग स्फोट झाला. दार हादरलं, दिवे गेले. तेव्हा कुठे त्यानं कडी ओढली.

ती पायरीवर बसली होती. केसांत चुन्याची भुकटी, पायात एकच चप्पल. "आत होतात ना? बरं झालं," ती म्हणाली. "मी आधी वर घरभर शोधत बसले तुम्हाला." ती आत आली तेव्हा लोकांनी तिला गरजेपेक्षा जास्तच जागा करून दिली.

घरी गेल्यावर तिनं चहा ठेवला. "ठोके कधी बदलले, बाबा?"

"परवा."

"तुम्ही होतात बैठकीला?"

"होतो."

तिनं चहा गाळून कप त्याच्यापुढे ठेवला. भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा, भोंगा झाला की दोघं एकत्रच उतरता ना? तेवढ्यावरच मी इथे निवांत आहे." सुनेनं फोन त्याच्या हातातून घेतला. "अहो, काळजी करू नका," ती म्हणाली. "बाबा मला सोडून एक पायरीही उतरत नाहीत." तिकडे मुलगा हसला आणि इकडे म्हातारा भिंतीकडे तोंड करून रडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा झाला. सुनेनं त्याला धरून तळघरापर्यंत आणलं, स्टुलावर बसवलं, खांद्यावर शाल टाकली आणि ती परत वळली. त्यानं तिचं मनगट पकडलं.

"पोरी, चुकलो मी. नवे ठोके असे आहेत—"

"नका सांगू, बाबा." तिनं हळूच हात सोडवून घेतला. "मला माहीत झाले आणि उद्या इथे काही बरंवाईट घडलं, तर म्हणतील हिनंच तिकडे कळवले. माहीत नसलेलेच बरे, आणि आत बसले तर कानावर पडणारच."

"मग मीही वर येतो."

"तुम्हाला काही झालं तर मी यांना काय तोंड दाखवू? बसा तुम्ही. मी वर थांबते. दार लावून घ्या."

ती जिना चढून गेली. वरच्या मजल्यावर त्यांच्या घराचं दार बंद झाल्याचा आवाज आला. आत लोक खोळंबले होते, मुलं रडत होती, कुणीतरी म्हणालं, कंडक्टर, कडी. त्यानं कडी लावली.