बोटभर वाढलेली शकू

पापडी गावच्या हॉलबाहेर सकाळी सातलाच चपलांचा ढीग! आत जेलवाले बाबा गरजत होते, "परदेशी जेल! मणक्यातली सुकलेली गादी फुगते! काल संध्याकाळी सुई दिली तेव्हा मोजलं, आता मोजा!"

टेप धरली होती बाबांच्या हाताखालच्या अल्पेशनं. चांदीप गावची शकू चक्क बोटभर वाढली होती. हॉलभर "अगं बाई!" झालं, आणि शकू रडायलाच लागली.

तीस वर्षं डोक्यावर भाजीच्या पाट्या वाहून तिची कंबर गेलेली. उजवा पाय बधिर होत चाललेला. सर्जननं बजावलं होतं, आत्ताच ऑपरेशन करा, नाहीतर पाय कायमचा जाईल. पण अल्पेश तिचा सख्खा भाचा, तिनंच कडेवर खेळवलेला. तो म्हणाला, "आत्या, चाकू कशाला? एका सुईत काम!" सुई घेतल्यावर दुखणंही थांबलं. तिनं ऑपरेशन रद्द केलं. तिच्या शब्दावर गावातल्या अकरा बायकांनी सुई घेतली.

तिसऱ्या आठवड्यात शकू बाजारातून एकाच चपलेनं घरी आली. दुसरी वाटेत निसटली, पायाला पत्ताच नाही!

मुलगी जागृती शाळेत विज्ञान शिकवायची. तिला आधीपासूनच शंका होती. त्या संध्याकाळी तिनं घरातल्या सगळ्यांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं आखली. सकाळी उठल्याउठल्या पुन्हा मोजलं, तर सगळेच वाढलेले!

"आई, मला कुठं सुई दिलीय? दिवसभरात गादीतलं पाणी दाबलं जातं, रात्री आडवं झालं की परत भरतं. सगळ्यांचंच होतं हे. आणि खरं जेल अजून प्रयोगशाळेत तपासतायत."

शकू तडक भाच्याकडे गेली. "तुला ठाव होतं?"

अल्पेशनं मान खाली घातली. "पहिल्या दिवसापासून. सुईत नुसतं बधिर करायचं औषध असतं, आत्या."

केसानं गळा कापला हो! सर्जन आता म्हणाला, "ऑपरेशन करू, पण पाय परत येईलच असं नाही."

रविवारी हॉल पुन्हा भरला. शकू पाय ओढत, काठी टेकत पुढे गेली. अल्पेशच्या हातातली टेप तिनं काढून घेतली. बाबा "बसा माई" म्हणत राहिले.

"माझं ऐकून अकरा जनी फसल्या," ती म्हणाली. "आज पन नुसतं माझं ऐकू नका. घरी जा, संध्याकाळी दाराला उंचीची रेघ मारा, आनि सकाळी सुई न घेता आपल्या डोळ्यांनी बघा."