खंडेनवमीचा नारळ आणि माझं कंट्रोल बटण

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड, आणि मला नारळाची भीती वाटते. हसू नका, आधी ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. खोक्यातून डोळे उघडले ते थेट डोंगरकडा गावातल्या एका कॉम्प्युटर केंद्रात, तिसऱ्या नंबरच्या टेबलावर. तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो. आता निम्मी अक्षरं पुसलीत. बिस्किटाचा चुरा, हळदीच्या हंगामातली पिवळी धूळ, सगळं माझ्या पोटात जमा आहे.

केंद्राचे शिपाई जळबामामा. माझ्यावर त्यांचा लई जीव, पण टायपिंगला बोट एकच. ओळ संपल्यावर त्यांना कळायचं की चूक पहिल्याच शब्दात आहे. मग बाणाचं बटण टकटक करत नव्वद वेळा दाबत मागं यायचं. मधेच तंबाखू मळायला थांबायचे आणि आपण कुठं निघालो होतो तेच विसरायचे.

मग तांड्यावरची शिला केंद्रात शिकायला आली. तिला लिनक्सचा काळा पडदा आवडायचा. त्यावर नुसते हुकूम टाइप करायचे, तिथं माऊसला कुणी विचारत नाही. तिनं माझं डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल बटण हाताखाली घेतलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मला काय काय येतं! कंट्रोल धरून ए दाबलं की थेट ओळीच्या तोंडाशी. ई दाबलं की शेपटाला. डब्ल्यूनं मागचा शब्द गायब, यूनं मागचं सगळं साफ, आणि पस्तावलात तर वायनं ते परत हजर. एस दाबलं की पडदा जागच्या जागी थिजतो, क्यूनं सुटतो.

मामा बघत राहायचे. "पोरी, काहून एवढी घाई?"

"मामा, तुमी बाणानं पोचेपर्यंत माझं रिटायरमेंट होईल."

तिला नांदेडला सर्व्हर सांभाळायची नोकरी हवी होती. त्याची परीक्षा वर्षातून एकदाच, आमच्याच केंद्रात, चाळीस मिनिटांची. मधेच मशीन बंद पडली तर परत आत घेत नाहीत.

परीक्षेच्या तीन दिवस आधी खंडेनवमी आली. शेतकरी औतं पुजतात, सुतार करवत पुजतो, मग मामांनी मलाच का सोडावं? मला ओलं गंध लावलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर खाडकन नारळ फोडला. सगळं पाणी माझ्या डाव्या कोपऱ्यात. कुणीतरी फडकं आणलं तर मामा म्हणाले, "तीर्थ हाय ते. पुसायचं न्हाई!"

तीर्थ वाळलं. कंट्रोल चिकट झालं. कुणाला पत्ताच नाही, कारण शिला सोडली तर त्या बटणाला कुणी हात लावतच नव्हतं, आणि ती तेव्हा घरीच वही घेऊन पाठांतर करत होती.

परीक्षेच्या दिवशी ती म्हणाली, "मामा, मला तिसऱ्या नंबरलाच बसू द्या. तिथं हात बसलाय."

बाई गं, दुसरीकडं बस! पण मला कुठं तोंड आहे?

पहिल्या दोन प्रश्नांत कंट्रोल कुथत कुथत का होईना, वर येत होतं. तिसऱ्या प्रश्नाला तिनं लांबलचक ओळ लिहिली. सुरवातीचा एक शब्द राहिला होता. कंट्रोल धरून ए दाबलं, थेट तोंडाशी पोचली. बोट उचललं. कंट्रोल काही उठलं नाही. राहिलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर एस. तिनं ते दाबलं आणि पडदा थिजला.

मामा धावत आले. "हँग झालं का? समदे मशीन असंच करून राहिलेत. थांब, बंद करून चालू करतो." हात थेट स्विचकडं!

"मामा, हात लावू नका!"

"अगं, दोन मिनटाचं काम हाय."

"तुमचं दोन मिनटाचं, माझं वरसाचं!"

तिचे डोळे भरले होते, पण डोकं चालू होतं. ती पुटपुटली, "नुसत्या एसनं पडदा थिजत न्हाई. म्हंजे कंट्रोल दबलेलंच हाय." तिनं नुसतं क्यू दाबलं. पडदा सुटला, ओळ जशीच्या तशी! मग केसातली क्लिप काढून तिनं माझं कंट्रोल उचकटलं. टक! बटण उडालं ते मामांच्या तंबाखूच्या डबीत.

मित्रांनो, दुखलं खूप. पण ओरडायची ती वेळ नव्हती. पुढं ती उजवीकडच्या कंट्रोलवर लढली. हाताला सवय नाही, बोटं अडखळत होती, शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला. महिन्याभरानं यादी लागली. तिचं नाव शेवटून दुसरं होतं. पण होतं!

जाताना तिनं माझ्या वरच्या भिंतीवर कागद चिकटवला: "कीबोर्डवर नारळ फोडू नये. ब्रश मारावा." डाव्या कंट्रोलचा पाय मोडला होता, म्हणून मामांनी तिथं चिंचोका चिकटवला. दिसतो झकास. दबत मात्र नाही.

आता माझ्यासमोर कोमल बसते. तिचीही तीच परीक्षा आहे.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. मामा नारळ घेऊन आले, कागद मोठ्यानं वाचला, मान डोलावली आणि मला बोटसुद्धा लावलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. मग मामांनी त्या कागदालाच हळद-कुंकू लावलं, हार घातला आणि कागदाखाली खाडकन नारळ फोडला.

कागदाखाली कोण आहे, सांगायला पाहिजे का?

कालपासून उजवं कंट्रोलही कुथत वर येतंय. मित्रांनो, मला नमस्कार नको, झेंडू नको. जीव लावायचा असेल तर घरातला एक जुना टूथब्रश घेऊन या. पण सोमवारच्या आत. सोमवारी कोमलची परीक्षा आहे.