खडू बंद करताना
वडिलांचा खडूचा कारखाना ताईच्या हाती आला, तेव्हा सगळ्या शाळा खडूवरच चालत होत्या. संध्याकाळी घरी निघालेला प्रत्येक कामगार पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. वडील जेवायला बसले की आई म्हणायची, "आधी भुवया झटका, मग ताटाला हात लावा."

मग शाळांनी काळे फळे काढून पेनानं लिहायचे पांढरे फळे लावले. मागणी एकदम बंद पडली नाही, झिजत गेली. म्हणूनच खडू बंद करायचा निर्णय लांबत राहिला. धाकट्या भावानं रंगीत खडू काढले, खोकी देखणी केली. माल पडून राहिला. एका व्यापाऱ्यानं फळ्यावरची पेनं विकायला सुचवलं, तेव्हा ताई म्हणाली, "पेनं तर कुणीही विकेल. आपल्याला काय येतं ते आधी बघू."

"खडू येतो, दुसरं काय?"

"प्लास्टर येतं. खडू त्याचाच तर होतो. दमट हवेत पाणी किती घालायचं, साच्यातून न तुटता कसं सोडवायचं, हे येतं."

हे तिच्या डोक्यात आलं ते मावसभावामुळे. तो एका जुन्या नाट्यगृहाची डागडुजी करत होता. छताच्या प्लास्टरच्या नक्षीचा तुटका तुकडा घेऊन तो आला होता आणि असं कुणी करून देईल का, म्हणून विचारत होता.

धाकट्याला पटलं, पण अर्धंच. "एक टेबल खडूचं ठेवू या. बाबांचं म्हणून."

ताईलाही तेच हवं होतं. "ठेवलं, तर जरा अडलं की आपण त्याच टेबलाकडे वळू," ती म्हणाली. "नको."

त्यानं अबोला धरला. पण खडूचे साचे काढायच्या दिवशी पाना घेऊन तोच आधी आला, आणि बाबांच्या टेबलाचे बोल्ट त्यानं दुसऱ्या कुणाला सोडू दिले नाहीत.

नक्षीच्या पहिल्या पट्ट्या वाळताना तडकल्या. दुसऱ्याही तडकल्या. कामगार एकमेकांकडे बघू लागले. ताईलाही वाटलं, आपण हातचं घालवून बसलो. शेवटी धाकट्यानं मिश्रणात काथ्या घालून बघितला. पट्ट्या टिकल्या.

काम संपलं त्या दुपारी दोघं रिकाम्या नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून वर बघत होते.

"जुन्या-नव्याचा जोड दिसतो का गं?"

"शोधलास तर दिसेल."

मग ताई म्हणाली, "दुपारी कारखान्यात साचे आपटायचे, तो आवाज आठवतो मला. जेवून आडवं झालं की त्या ठोक्यांवर झोप लागायची."

"आणि आवाज थांबला की जाग यायची," धाकटा म्हणाला.

रंगमंचावरून मावसभावानं हाक मारली. एका वाचनालयाचे लोक छत बघायला आले होते. ताईनं पदर सारखा केला आणि धाकट्याला म्हणाली, "तूच बोल. काथ्याचं तुलाच नीट सांगता येईल."