खांद्याएवढा ओटा

मित्रांनो, मी एक ओटा आहे. जुना म्हणवून घेण्याइतके माझे वय नाही. मला नऊच वर्षे झाली. पण तीन वर्षे कुणाचा हात लागला नाही, की ओटासुद्धा म्हातारा होतो.

जळगावातील एका हरित इमारतीच्या तळमजल्यावर, पुनर्वापराच्या कचऱ्यासाठी राखलेल्या खोलीत मी आहे. खोली बारा फूट बाय नऊ फूट. फरशीला मोरीकडे उतार, कागदासाठी कोरडी फळी, काचेसाठी खालचा कप्पा आणि मागच्या गल्लीत उघडणारे चार फुटी दार. अभियंता योगेंद्र यांनी हे सारे आधीच नकाशात मांडले होते. मला मात्र त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखे अडीच फूट उंच दाखवले होते.

माझ्या विटा वाहणाऱ्या झुंबरबाई साक्रीकडच्या. काम संपल्यावर या इमारतीतले भंगार त्याच नेणार होत्या. चुन्याने आखलेली खूण पाहून त्या हसल्या.

"हाऊ ओटा लहान पोरना करता शे का, भाऊ? मना डोकावर गठ्ठा कोन चढाई दी? तू?"

"मी कशाला? मी नकाशा काढतो," योगेंद्र म्हणाले.

"मंग नकाशामा माले उभी कर!"

योगेंद्रांनी खरोखरच त्यांना भिंतीला टेकून उभे केले आणि त्यांच्या खांद्याशी रेघ मारली. चार फूट. तेवढ्या उंचीवर माझा कडाप्पा बसला.

पुढची सहा वर्षे माझ्या सुखाची. झुंबरबाई रोज दहाला मागच्या दाराने येत. पुठ्ठे, बाटल्या, डबे वेगळे करून माझ्यावर गठ्ठा रचत. मग तो थोडा पुढे ओढत, गुडघे वाकवून डोके त्याखाली नेत आणि सरळ उभ्या राहत. कुणाला हाक मारावी लागत नसे. माझ्यावरचे वजन उतरताच मला हलके वाटायचे आणि लगेच उद्याचे दहा कधी वाजतील, असे होई. पाहणीला आलेल्या मंडळींनी खोलीचे फोटो काढले, इमारतीला प्रमाणपत्र मिळाले. ते आजही जिन्यापाशी टांगलेले आहे.

मग एका पावसाळ्यात रहिवाशांचे कुलर ठेवायला जागा उरली नाही. समितीचे प्रमुख रुपचंदनाना म्हणाले, "झुंबरबाई, थोडे दिवस कुलर ठेवतो इथे. होळीला काढू."

"कोनती होळीले, नाना? सालबी सांगी दे!"

सारे हसले. होळी आली. चांगले कुलर वर गेले. गंजलेले, 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून राहिले. दर वर्षी त्यांत भर पडली. मागचे दार तर पहिल्याच वर्षी अडले, त्याला कुलूप लागले.

आता झुंबरबाई गल्लीत जमिनीवरच गठ्ठा बांधतात आणि डोक्यावर चढवायला येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट पाहतात. परवा गठ्ठा चढवताना त्यांची मान लचकली. त्यांनी नानांना अक्षय्य तृतीयेची मुदत घालून स्पष्ट सांगितले, "आखाजीलगून दार उघाडी दे, नाना. नहीतं मी येत नही."

"बघू," नाना म्हणाले.

काल योगेंद्र आले. धुळ्यात ते नवी इमारत बांधत आहेत. तिच्यासाठी त्यांना माझी उंची हवी होती. नानांनी पुढचे दार उघडले, पण कुलरांच्या ढिगामुळे ते वीतभरच सरकले. टेप माझ्यापर्यंत पोहोचेना. मागे उभ्या झुंबरबाईंनी स्वतःच्या खांद्यावर तळहात ठेवला.

"टेप कसाले, भाऊ? मी उभी शे ना!"

योगेंद्रांनी त्यांच्या खांद्यापर्यंतचे माप घेतले. चार फूट. धुळ्यात माझा धाकटा भाऊ उभा राहील, याचा मला आनंद आहे. पण मित्रांनो, नकाशात राखलेली जागा नंतरही राखावी लागते. तुमच्या इमारतीत अशी खोली असेल, तर तिचे मागचे दार उघडते का, एवढे एकदा पाहून या.

आखाजीला चार दिवस उरले आहेत. आज दहाला गल्लीत ओळखीची पावले वाजली. गठ्ठा जमिनीवर टेकला आणि हाक आली, "ओ भाऊ, जरा हात लाव ना!"

कुणी थांबले नाही. त्यांच्या खांद्याएवढा मी इथेच होतो. मध्ये फक्त नऊ इंचांची भिंत होती.