भिंतीवरची जत्रा

गौरजाने कोळशाने भिंतीवर एक वाकलेली पाठ ओढली आणि मागे सरून पाहिलं. भात लावणारी विनीता काकी, पोटऱ्या चिखलात.

"ह्या काय काढलंस?" तिचा भाऊ प्रीतम म्हणाला. पर्यटकांसाठी बांधलेल्या नव्या खोल्यांपुढची ही भिंत त्याला रंगवून हवी होती. "माका जत्रा व्हयी. ह्या असा."

त्याने मोबाइल पुढे केला. गौरजानेच पाठवलेलं चित्र होतं, अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराचं. गावातलं लग्न, झाडाखाली नाच, लाजणारी नवरी. गुबगुबीत शेतकरी, एकाच्याही पायाला माती नाही. पणजीच्या कॉलेजात ती हेच शिकवायची. ही चित्रं पॅरिसच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लागत. ज्या शेतकऱ्यांची ती होती, त्यांनी ती कधी पाहिलीही नसतील.

"खोटं आहे ते," ती म्हणाली.

"असूंदे. लोकांका बरा दिसता."

प्रीतम चिडून निघून गेला. गौरजा पुन्हा कोळसा उचलणार, तोच काकी शेतातून आली. डोक्यावरचा गवताचा भारा उतरवून ती भिंतीपुढे उभी राहिली.

"ही मी?"

"हो काकी."

पदराने मानेचा घाम पुसत काकी म्हणाली, "रोज वाकतंय गो मी. हयसर तरी माका उभी कर. ती हिरवी साडी नेसव, जत्रेतली."

गौरजाने ओलं फडकं घेतलं आणि ती पाठ पुसून टाकली. दुपारभर बसून तिने पालखी काढली, ढोलवाले काढले, फुगडी घालणाऱ्या बायका काढल्या. त्यांच्यात काकी, मान वर, दात दिसेपर्यंत हसणारी.

काकी चहा घेऊन आली. कप द्यायचं विसरून बघत राहिली.

"तेंका पण घाल ह्यात."

काकीचा नवरा, शंकर काका, मुंबईला गेले ते तिथलेच झाले होते. गणपतीत फोन यायचा. का येत नाहीत, हे घरात कोणी विचारत नसे.

"नाचणाऱ्यांत घालू?" गौरजाने हलकेच विचारलं. "की तुझ्या शेजारी?"

काकीने मान हलवली. पालखीपासून लांब, भिंतीच्या कोऱ्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं.

"हयसर. वाटेर. येतत असे दिसूक व्हये."