शेजाऱ्याचं पीक

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची पत्रं वाचून मी सिंगापुरात पोट भरत होतो. दोन हजार चारची निवडणूक. तिकडच्या मका पिकवणाऱ्या कुठल्याशा मतदारसंघातला एक उमेदवार लोकांकडून पत्रं मागवायचा, आणि ती स्कॅन होऊन आंग मो किओतल्या आमच्या ऑफिसात यायची. आम्ही सहा जणांनी ती वाचायची, टाइप करायची आणि लोकांच्या मनात काय आहे ते दर आठवड्याला एका पानात कळवायचं. हे काम परदेशात चालतं याची तिथे अर्थातच कुणाला पत्ता नव्हता.

मी निशिकांत, पक्का पुणेरी. शेतात पाय ठेवला तो फक्त हुरडा खायला. त्या पत्रांत मला चर्च आणि बंदुका यांपलीकडे काही दिसेना. दिसलं ते सारंगला. तो आमच्यातला सर्वांत नवा, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आलेला, खटाव तालुक्यातला.

"सर, हे बघा," तो म्हणाला. "या बाईंचा नवरा ऐन काढणीच्या तोंडावर आजारी पडला, तर अकरा शेजारी आपापली मशिनं घेऊन आले. जेवणाशिवाय कुणी काही घेतलं नाही. आमच्याकडं याला इर्जिक म्हणतात. ही माणसं गरिबीला भीत नाहीत. शेजारी यायचा बंद होईल, याला भितात."

मग त्याने एक वाक्य लिहून दिलं: शेजाऱ्याचं पीक काढणीवाचून उभं राहता कामा नये. मी ते पानाच्या वर टाकलं आणि खाली, नेहमीप्रमाणे, माझं नाव.

वाक्य तिथल्या गावोगावच्या फलकांवर चढलं. उमेदवाराने त्याला पुढे शेपूट जोडलं: आणि शेजाऱ्याचं काम समुद्रापार जाता कामा नये. गडी दणक्यात निवडून आला. दोन आठवड्यांत आमचं कंत्राट बंद झालं. सोबत मला एक ईमेल: ते वाक्य लिहिणाऱ्याला आमची माणसं कळतात, त्या एकाला ठेवू, गाजावाजा न करता.

मी पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी. बुकित बातोकला फ्लॅट, बायको बँकेत. मी काही उपाशी मरत नव्हतो. सारंगचा पास नोकरीबरोबरच जाणार होता आणि त्याच्या बायकोला, जाईला, सातवा महिना लागला होता. खरं सांगायला एक ओळ पुरली असती. मी ती लिहिली नाही. पन्नाशीला टेकल्यावर दारोदार अर्ज करायची लाज वाटली, एवढंच. त्या लाजेची आता जास्त लाज वाटते.

शेवटच्या दिवशी तो केबिनमध्ये आला. "तुम्हाला ठेवलं ते बरं झालं, सर. मला एक पत्र द्याल? ते वाक्य माझं होतं, एवढं लिहा. महिन्याभरात दुसरीकडं काही जमलं तर जाईला गावी हलवायला नको."

मी पत्र दिलं. श्री. सारंग वेळेवर येतात, मन लावून टाइप करतात.

त्याने उभ्याउभ्या वाचलं. "वाक्याचं राहिलं, सर."

"ते ऑफिसचं धरतात," मी म्हणालो.

मग त्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"आजची पत्रं आलीत," तो दारातून म्हणाला. "एकशेचाळीस आहेत. तुम्हाला एकट्याला भारी पडतील म्हणून आम्ही पाचजणांनी सकाळीच टाइप करून ठेवलीत."